तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधी

माझ्या मामेभावाचा पाय मोडला त्या आठवड्यात मी एक कागद लिहिला. तो आठवला की आजही झोप उडते.

पोरगा तेव्हा २८ वर्षांचा. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्याचे वेल्डिंगचे दुकान. ग्रील, शटर, उसाच्या ट्रॉलीचे हुक, टाकीचे स्टँड अशी कामे. तुळजापूरहून संध्याकाळी मोटारसायकलवर परत येताना समोरची पिकअप गाडी त्याच्या बाजूला घुसली. रस्त्याकडेच्या चहावाल्याने पाहिले होते. ड्रायव्हरचा एक हात स्टिअरिंगवर आणि दुसऱ्या हातात कानाला लावलेला फोन. उजव्या पायाची दोन्ही हाडे मोडली. आधी गावात मलमपट्टी, मग सोलापूर.

चौथ्या दिवशी गाडीचा मालक दवाखान्यात आला. सोबत दोन प्रतिष्ठित माणसे, त्यातले एक आपल्याच मोहल्ल्यातले. मालक वाईट माणूस नव्हता. फळे आणली होती, डोळ्यांत पाणीही होते. म्हणाला, "ड्रायव्हर गरिबाचं पोरगं आहे. केस झाली तर त्याची जिंदगी जाईल. दवाखान्याला ४० हजार देतो, विषय मिटवू." मामू खाली मान घालून म्हणाले, "नसीब में था सो हुआ. अब झगडा कायको बढाना?" घरात शिकलेला मी एकटा, अक्षरही बरे, म्हणून कागद लिहायचे काम माझ्याकडे आले. अपघात कोणाच्याही चुकीने झालेला नाही, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही, यापुढे कसलीही मागणी करणार नाही. तीन वाक्ये. खाली सलाईन लावलेल्या हाताची वेडीवाकडी सही.

४० हजार पहिल्या ऑपरेशनलाच पुरले नाहीत. जखम चिघळली, दुसरे ऑपरेशन झाले, मामींचे दागिने गेले. आज तो चालतो, पण त्याला उकिडवे बसता येत नाही. आणि वेल्डिंगचे निम्मे काम उकिडवे बसूनच करावे लागते. मशीन विकले. आता तो दुसऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर बसतो. वर्षभराने आम्ही वकिलाकडे गेलो तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, "एफआयआर कुठाय? आणि इतके दिवस काय करत होतात?"

हा लेख त्या कागदाच्या प्रायश्चित्तासाठी आहे असे समजा.

नशीब आणि नजर

अपघात झाला की आपल्या घरांत पहिला शब्द येतो तकदीर आणि दुसरा सब्र. दोन्ही शब्द आपल्या ईमानाचे आहेत, त्यांच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते या शब्दांच्या आडून दुसऱ्याची जबाबदारी माफ करून टाकण्याशी. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला आपल्या नबींनी (स.) आधी उंट बांधायला सांगितले होते, हे जुम्म्याच्या बयानात आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. हातात फोन धरून गाडी हाकणाऱ्याने उंट बांधलेला नसतो. त्याने केलेल्या नुकसानीला तकदीर म्हणणे म्हणजे त्याच्या बेपर्वाईचा हिशेब अल्लाहच्या खात्यावर लिहिणे.

फोनने काय होते ते साध्या गणिताने कळते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. मेसेज कोणाचा आला हे बघायला तीन सेकंद लागले तर तेवढ्यात गाडी ५० मीटर गेलेली असते, आणि ती ५० मीटर कोणीच चालवत नसते. येरमाळ्याचा घाट, नळदुर्ग-उमरगा महामार्ग, ऊस हंगामात रिफ्लेक्टर न लावता अंधारात चाललेल्या ट्रॉल्या, नवरात्रात आणि कोजागरीला तुळजापूरकडे पायी निघालेले भाविक. अशा आपल्या रस्त्यांवर ५० मीटर म्हणजे किती माणसे, याचा विचार करा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, आणि कानात हेडफोन घालून बोलल्याने तो फारसा कमी होत नाही. हात मोकळे राहिले तरी मन फोनवरच असते.

तरीही कागदावर फोन दिसत नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली. एकट्या महाराष्ट्रात १५,२२४. त्या वर्षीच्या एकूण अपघातांत मोबाईलमुळे झालेले दोन टक्क्यांहूनही कमी नोंदले आहेत. रस्त्यावर रोज जे दिसते त्याच्याशी हा आकडा जुळतो का? जुळत नाही, कारण ड्रायव्हर बोलत होता हे पंचनाम्यात कोणी लिहीतच नाही. वेग लिहिला जातो, निष्काळजीपणा लिहिला जातो, पण फोन खिशात जातो आणि विषय संपतो.

म्हणून पहिली गोष्ट. फोन पाहणारा साक्षीदार असेल तर त्याचा जबाब त्याच दिवशी नोंदवायला लावा. धडकेच्या वेळी त्या नंबरवर कॉल चालू होता का, हे कंपनीकडच्या कॉल रेकॉर्डवरून कळते. पोलीस ते मागवू शकतात. त्यासाठी तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातात फोन धरून गाडी चालवणे हे धोकादायक वाहन चालवणे ठरवले आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आमचा चहावाला आजही तिथेच आहे. पण त्याचा जबाब कोणी घेतला नाही, कारण अपघात कोणाच्याही चुकीने झाला नाही असे मीच लिहून दिले होते.

शिक्षा वेगळी, भरपाई वेगळी

आमची सगळ्यात मोठी चूक कोणती होती? आम्हाला वाटले, केस केली की गरीब ड्रायव्हरचा संसार मोडणार आणि आपल्याला मिळणार काहीच नाही. खरे तर या दोन वेगळ्या वाटा आहेत. फौजदारी खटला ड्रायव्हरवर चालतो. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा प्राधिकरणात, म्हणजे जिल्हा न्यायालयात चालतो. तिथे ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी असे तिघे समोर असतात. विमा चालू असेल तर पैसे कंपनी देते. 'थर्ड पार्टी' विमा कायद्याने सक्तीचा आहे तो यासाठीच. ड्रायव्हरवर दया करायची तर जरूर करा. पण भरपाई सोडल्याने त्या पोराचा काही फायदा होत नाही, वाचतात ते कंपनीचे पैसे.

मग मालक रोख पैसे घेऊन घाईने का येतो? कधी माणुसकीने येतो, हे मान्य. पण पुष्कळदा विम्याची मुदत संपलेली असते, ड्रायव्हरकडे लायसन्स नसते किंवा मालवाहू गाडीत माणसे बसवलेली असतात. म्हणून कोणी रोख रक्कम घेऊन आले तर आधी गाडीच्या नंबरवरून एम-परिवहन अॅपवर विम्याची मुदत बघा. विमा नसेल तर भरपाई मालकाच्या खिशातून येते. लायसन्सचा घोळ असेल तर न्यायालय अनेकदा कंपनीला आधी जखमीचे पैसे द्यायला आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायला सांगते.

फौजदारी खटल्यात ड्रायव्हर सुटला म्हणून दावा बुडत नाही. तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. दाव्यात अधिक शक्यता कोणत्या बाजूने आहे एवढेच पाहिले जाते. एफआयआर उशिरा झाली एवढ्या एका कारणाने दावा फेटाळता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आहे. आणि आपल्याकडे हमखास घातली जाणारी भीती, की तिघे बसले होते त्यामुळे काही मिळणार नाही, तीही अर्धवट आहे. मोहम्मद सिद्दीक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटले की मोटारसायकलवर तिघे बसणे हा नियमभंग आहे, पण त्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दिसल्याशिवाय तेवढ्यावरून मृताला दोषी धरून भरपाई कापता येणार नाही.

दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असेही नाही. जखमी जिथे राहतो तिथे तो करता येतो. कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात ऊसतोडीला गेलेल्या, पुण्यात कामाला असलेल्या माणसाचा दावा त्याच्या घरच्यांना धाराशिवला चालवता येतो.

४० हजारांचा खरा हिशेब

आता गणित. न्यायालय रक्कम मनाने ठरवत नाही, तिला रीत आहे. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी ती पक्की केली आणि राज कुमार (२०११) या निकालाने जखमींबाबत स्पष्ट केली.

धरून चाला की २८ वर्षांचा वेल्डर महिन्याला १५,००० रुपये कमावतो. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवले जातात. झाले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. अपंगत्वामुळे त्याची कमाईची ताकद ४० टक्के घटली असे न्यायालयाने मानले तर वर्षाचे नुकसान १,००,८००. या वयासाठी गुणक १७. एकूण १७,१३,६००. औषधोपचार, पुढची ऑपरेशने, वेदना, बुडालेले महिने हे सगळे वेगळे. आणि आम्ही ४० हजार घेतले.

यात एक बारकावा आहे. डॉक्टरांच्या दाखल्यावर पाय किती टक्के गेला आणि त्या माणसाची कमाई किती टक्के गेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्याच पायाने बँकेतल्या कारकुनाचे काम अडणार नाही, वेल्डरचे अडते. म्हणून अपंगत्वाचा दाखला तर घ्याच, पण माणूस काम काय करत होता याचेही पुरावे जमवा. दुकानाचा परवाना, बिलबुक, ग्राहकांचे जबाब, यूपीआयचे व्यवहार, काहीही. घरकाम करणाऱ्या बाईला कमाई नाही असेही न्यायालय म्हणत नाही. कीर्ती खटल्याच्या २०२१ च्या निकालात गृहिणीच्या कामाची किंमत धरलीच पाहिजे असे स्पष्ट म्हटले आहे.

कंपनीच्या माणसाने लवकर पैसे देऊ केले तर तेही वाचून घ्या. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. पण ते ठरलेल्या रीतीने स्वीकारले की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. काहींना अडीच लाख लगेच मिळणे खरेच बरे असेल. तो निर्णय गणित मांडून घ्या, दवाखान्याच्या बिलाच्या भीतीने घेऊ नका.

धडक देऊन पळून गेलेली गाडी सापडलीच नाही तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून आहे. तिचा अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा. आणि ५ मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला योजनेतल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखाच्या मर्यादेत रोकडविरहित उपचाराची तरतूद आहे. दवाखान्यात पाऊल ठेवताच पहिली विचारणा याची करा.

सहा महिने आणि इद्दत

१ एप्रिल २०२२ पासून दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या आशेवर कोणी बसून राहू नये.

आपल्या घरांत या सहा महिन्यांचे काय होते ते बघा. नवरा अपघातात गेला की बाई चार महिने दहा दिवस इद्दतीत बसते. घरचे म्हणतात, आता तिला कोर्टकचेरीचा त्रास नको, इद्दत होऊ द्या. उरतात दोन महिन्यांहून कमी. त्यात मृत्यूचा दाखला, पोलिसांचे कागद, वारसांची नावे, वकील. बघता बघता मुदत निघून जाते, आणि जिचा हक्क सगळ्यात मोठा तीच रिकाम्या हाताने उरते. वकीलपत्रावरची सही घरात होते. कागद भाऊ, दीर, मुलगा गोळा करू शकतो. गरजेसाठी दिवसा बाहेर पडण्याची मुभाही उलेमा देतात, आपल्या मौलानांना विचारून घ्या. कमाई थांबलेल्या बाईच्या मुलांचा हक्क ही गरज नसेल तर गरज कशाला म्हणायचे?

इथेच एफआयआरची किंमत कळते. गुन्हा नोंदला की पोलिसांनी तीन महिन्यांत अपघाताचा अहवाल प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि तो अहवाल दाव्याचा अर्ज म्हणून धरण्याची तरतूद कायद्यातच आहे. गुन्हाच नोंदला नाही तर हा रस्ता पहिल्याच दिवशी बंद होतो.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत? बाईला, लहान मुलाला, अपंगाला उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. दवाखान्याच्या दारात उभे राहून निम्मे तुमचे, निम्मे आमचे म्हणणाऱ्या दलालाच्या हातात कागद देऊ नका. निकालातल्या रकमेत टक्केवारी ठरवणे वकिलांच्या नियमांतच बसत नाही.

हा पैसा घ्यावा का?

हा प्रश्न मला दोन घरांत विचारला गेला. विम्याचा पैसा, त्यावर व्याज, आणि मेलेल्या माणसाची किंमत. घ्यावा कसा?

मी आलिम नाही. पण सूरह निसामध्ये चुकून झालेल्या हत्येसाठी वारसांना दियत द्यायचा हुकूम आहे एवढे तर आपण वाचतो. जखमांच्या भरपाईची फिक्हमध्ये वेगळी चर्चा आहे. आणि ही दियत एकट्या चुकणाऱ्यावर न टाकता त्याच्या 'आकिला'वर, म्हणजे त्याच्या कुळावर किंवा गटावर वाटून टाकली जाते. एकाच्या चुकीचा बोजा अनेकांनी उचलायचा, पण नुकसान झालेल्याला रिकामे पाठवायचे नाही. विमा आणि आकिला एकच आहेत असा माझा दावा नाही. नुकसानीचा मोबदला मागणे म्हणजे लालच, हे मात्र आपल्या परंपरेत कुठेच नाही. दाव्याच्या रकमेवर मिळणाऱ्या व्याजाबद्दल मनात शंका असेल तर तेवढ्या भागाचे काय करायचे ते मुफ्तींना विचारा. त्या शंकेपायी मूळ हक्क सोडू नका.

वारसांना माफ करायची मुभा आहे आणि माफी ही मोठी गोष्ट आहे. पण काय माफ करतोय हे माहीत असलेल्या माणसाची माफीच खरी. मामूंनी १७ लाख माफ केले नव्हते. त्यांना ते १७ लाख माहीतच नव्हते. आणि पाय तर मामूंचा मोडलेला नव्हता.

आपल्या गाडीची चावी

हे सगळे दुसऱ्यांना सांगून झाले, आता घरात बघू. ईदच्या दुसऱ्या दिवशी नळदुर्गच्या किल्ल्याकडे निघालेली आपलीच पोरे बघा. एका गाडीवर तिघे, हेल्मेट नाही, पुढचा व्हिडिओ काढतोय, चालवणाऱ्याचे वय सोळा. गाडी वडिलांच्या नावावर, विमा तीन वर्षांपूर्वी संपलेला. या गाडीखाली कोणाचा बाप आला तर भरपाई वडिलांच्या घरातून, शेतातून वसूल होईल. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड कायद्यात आहे. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या महागड्या गाडीखाली दोन तरुण अभियंते मेले तेव्हा आपण सगळे चिडलो होतो. आपल्या मोहल्ल्यातली ७० हजारांची मोटारसायकलही तेच करू शकते. फरक इतकाच की तिची बातमी दोन ओळींची येईल.

दुसऱ्याकडून हक्क मागायचा तर आपल्याकडून दुसऱ्याचा हक्क बुडू नये याची तयारी आधी हवी. विम्याचे नूतनीकरण आजच करा. आणि गाडीवर असलेल्या माणसाला फोन आपण करू नये. "कुठवर आलास?" हा घरून गेलेला फोनच कितीदा घात करतो.

रस्त्यावर कोणी पडलेला दिसला तर थांबा. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना अडकवू शकत नाही, कलम १३४अ त्याला संरक्षण देते. १०८ ला फोन करा, गाडीचा नंबर लिहून घ्या. आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात कोणी कोरा कागद घेऊन आला तर त्याला सलाम करा, चहा पाजा आणि सांगा, आज नाही. तुमच्या घरात चांगल्या अक्षराचा जो कोणी असेल त्याने त्या दिवशी तडजोड लिहू नये, फिर्याद लिहावी. माझ्याकडून ते झाले नाही.